सारजाबाईंची वेस

रविवार, १५ डिसेंबर १९९६. बारामती.

ही डायरी एका बियाण्याच्या कंपनीने जानेवारीत भेट दिली. अकरा महिने ती कोरी राहिली, याचा अर्थ माझ्या आयुष्यात काही घडले नाही असा नव्हे. जे घडले ते पुण्याच्या पेपरात, तिसऱ्या पानावर, चार ओळींत मावत गेले. आज ऐकलेले मावेना, म्हणून ही शाई.

सणसरला गेलो होतो. कालव्याच्या वरच्या अंगाला जे कोरडवाहू रान आहे, तिथे उपसा सिंचनाचे पाणी चढणार, त्याची बातमी करायला. परतताना एस.टी.च्या थांब्यावर एका म्हातारीने माझ्या एम-एटीच्या हँडलला हात घातला.

"तुमी पेपरवालं न्हवं? मरणाची बातमी लिवा."

कोण गेले, असे विचारले.

"अजून जायचं हाय. शाळू निघाला की जाईल. माझं गाव."

बाईंचे नाव सारजाबाई. वय सत्तरीच्या पुढे, नजर माझ्यापेक्षा चांगली. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे. आता दोन एकर रान आणि मुलगा वालचंदनगरच्या कारखान्यात. त्यांचे म्हणणे असे, की आप्पासाहेबांच्या चौदा एकरांत जो शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभा आहे, त्याच्या खाली त्यांच्या वाडवडिलांचे गाव आहे. नाव तिळगव्हाण. दुर्गादेवीच्या दुष्काळात गाव उठले, माणसे मेंढरे हाकत पांगली, पुन्हा वसली नाहीत. म्हणजे माझ्या हिशेबाने सहाशे वर्षे झाली. दर चैत्रात भावकी जमून त्या रानातल्या एका दगडापुढे नारळ फोडते. आता पाणी येणार, डोझर रान सपाट करणार, ऊस लागणार आणि दगड बांधाला जाणार.

दगड पाहायला गेलो. वीरगळ आहे, अर्धी मातीत. वर स्वर्गस्थ वीर, खाली त्याची गुरे आणि मातीलगत अडीच ओळींचा झिजलेला लेख. वाईच्या पाठशाळेत बारा वर्षे घासलेले संस्कृत कुठेतरी उपयोगी पडावे ही माझी जुनी इच्छा. तासभर पालथा पडून 'ग्राम' एवढे लागले.

बाई मात्र भलतेच बोलत होत्या. दगडाच्या अलीकडे शंभरेक पावलांवर, शाळूच्या मधोमध, जिथे काहीही नाही अशा जागी त्यांनी पायताण काढले, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि तिथून पुढे अनवाणी चालल्या. मी बूट घालूनच गेलो, काटे होते. शिवाय त्यांचे मेंढरांचे पुराण चालूच होते. उन्हाळ्यात खतासाठी आसपासच्या सगळ्या रानांत मेंढरे बसवतात, "पर ह्या दगडाभवती आमी कदी बसवत न्हाय." मी 'हं' म्हणालो आणि पुढचे अक्षर म आहे की प, यात गुंतलो.

बुधवार, १८ डिसेंबर.

आप्पासाहेबांना भेटलो. पंचावन्नचे, भरदार, उपसा योजनेतल्या सोळा शेतकऱ्यांचे म्होरके. बंगल्याच्या ओसरीत चहा दिला आणि माझे म्हणणे डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले, "पंत, एका म्हातारीच्या शब्दावर मी सोळा जणांचं पाणी अडवू का? लोकांना कागद लागतो. गाव दाखवा मला. दिसंल असं दाखवा. डोझर माघारी धाडतो."

मुदत शाळू निघेपर्यंत. पंधरा जानेवारी धरा म्हणाले.

पाषाणहृदयी माणूस. मुद्द्यावर यायलाच तयार नव्हते. सारजाआक्का अजून तेवढ्या लांब चालत येतात का, गुडघे कसे आहेत, तुम्ही त्यांना गाडीवर घरी सोडलं का, हे तीनदा विचारले. राजकारणात मुरलेली माणसे असाच विषय बदलतात.

घरी येऊन पत्नी विजयमालेपुढे रडगाणे गायलो. ती शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे पृथ्वीवरचे सगळे प्रश्न आपल्या खात्यातले आहेत असे तिला वाटते. म्हणाली, उभ्या पिकात खणायची सोय नाही तर वरून बघा. गाडलेल्या भिंतीवर माती पातळ असते, तिथल्या ज्वारीला लवकर तहान लागते, ती आधी पिवळी पडते. बुजलेल्या खड्ड्यावर माती खोल, तिथली ज्वारी हिरवी राहते. जमिनीवर उभे राहून काही कळत नाही. विमानातून भिंतीच्या भिंती उमटलेल्या दिसतात. विलायतेत अशी शेकडो उठलेली गावे सापडली आहेत.

मी म्हणालो, विमान कुठले? तिने नुसते वर बोट केले. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांचे विमान आमच्या गच्चीवरून दिवसातून सहा वेळा घरघरत जाते. गेल्याच महिन्यात मी त्याच्या आवाजाविरुद्ध वाचकांचे पत्र छापले होते.

शुक्रवार, २७ डिसेंबर.

आकाशातून फोटो काढायला सरकारी परवानगी लागते. अर्ज केला. 'प्रयोजन' या रकान्यात लिहिले : "लुप्त ग्रामाचे दर्शन." सगळे म्हणाले, सहा महिने विसरा. आठव्या दिवशी कागद हातात. कारकून म्हणाला, वरून कोणाचा तरी फोन आला होता. मला तसे वाटत नाही. शुद्ध मराठीत लिहिलेला अर्ज कचेरीत इतका दुर्मिळ झाला आहे की त्याचा परिणाम होणारच.

शनिवार, ४ जानेवारी १९९७.

(नवी डायरी, पतसंस्थेची. जुनीची उरलेली पाने विजयमालेने पाककृतींसाठी ताब्यात घेतली.)

उडालो. हे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनात लिहिण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते.

कॅप्टन युवराज हा वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेला, तिशीतला, हसरा प्राणी. बारामतीत विमान शिकवतो. सकाळी साडेसातला धावपट्टीवर गेलो, तर म्हणाला, "सर, काही खाऊन आलात का?" पोहे, असे सांगितले. "मग ते पुन्हा भेटतील."

भेटले. सणसरच्या वर, दुसऱ्या वळणावर. पण त्याआधी मी खाली पाहिले आणि पोह्यांचे काही वाटेनासे झाले. कोवळे ऊन आडवे पडले होते. चौदा एकरांचा तो शाळू, जो जमिनीवरून एकसारखा हिरवा, त्यात गर्द हिरवे चौकोन. एकाला एक लागून, ओळीने, सात आडवे, मध्ये मोकळी जागा, पलीकडे पुन्हा ओळी. घरे! आळ्या! आखीव वस्ती! मी ओरडलो ते इंजिनच्या आवाजात गेले. छत्तीसच्या छत्तीस फोटो संपवले, त्यातले चार पंखाचे आले.

खाली उतरल्यावर मी पंखाला धरून उभा राहिलो. युवराज म्हणाला, पहिल्यांदा असे होते. मी त्याला सांगितले की हा अठराशे फुटांचा परिणाम नसून सहाशे वर्षांचा आहे. तो म्हणाला, असेल सर, पण पाणी प्या.

गुरुवार, ९ जानेवारी.

छापून आले. पहिले पान, तीन कॉलम, फोटोसह : 'आकाशातून गवसले यादवकालीन नगर'. पाकीट एस.टी.च्या कंडक्टरकरवी रविवारीच धाडले होते. मी त्यात वास्तुशास्त्राचा यथेच्छ उपयोग केला आहे. चतुरस्र गृहविन्यास, मध्यभागी मोकळे देवप्रांगण, पूर्वपश्चिम वीथी. संपादकांनी फोन करून 'देवप्रांगण' म्हणजे काय विचारले, आणि तरीही छापले.

विजयमाला वाचून म्हणाली, छान झाले, पण भिंतींवरची ज्वारी पिवळी दिसायला हवी होती, ही तर सगळी हिरवीगार आहे. मी म्हणालो, भूगोल हे स्थूल शास्त्र आहे.

उद्या अंक घेऊन सारजाबाईंकडे. आणि तिथून थेट आप्पासाहेबांच्या ओसरीत.

शनिवार, ११ जानेवारी.

लिहवत नाही, पण लिहितो.

काल सारजाबाईंच्या अंगणात पेपर उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा सुलटा करून उन्हात धरला, बोटाने चौकोन मोजले. एक, दोन, तीन, सात. मग पदर तोंडाला लावला. मला वाटले, बाईंना गहिवरून आले.

त्या हसत होत्या. खांदे हलेपर्यंत.

"आवं, ही माझ्या भाच्याची मेंढरं हायती. गेणूची."

 बाईंनी शांतपणे समजावले, जसे शाळेत मठ्ठ पोराला समजावतात. गेल्या उन्हाळ्यात गेणूने आप्पासाहेबांच्या रानात मेंढरे बसवली होती. सांजेला काठ्या रोवून चौकोनी जाळे लावायचे, मेंढरे आत. दोन रात्री झाल्या की जाळे उचलून शेजारी लावायचे. जिथे मेंढरे बसली तिथे लेंड्या, मूत. तिथली ज्वारी यंदा गर्द. चौकोन जाळ्याचे. आळ्या गेणूच्या. हा सातवा जरा वाकडा का, तर तिथे बाभळ आहे.

सहाशे वर्षांपूर्वीचे नगर आठ महिन्यांपूर्वीचे निघाले.

मी विचारले, शेजारी कोणाला सांगितले तर नाही ना? म्हणाल्या, मी कशाला सांगू, गेणूच पेपर घेऊन सगळ्या बाजारात फिरतोय, माझा फोटो आलाय म्हणून.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

संपादकांचे पत्र आले. दोनच वाक्ये. खुलासा आज छापला, तिसऱ्या पानावर, चार ओळींत. माझ्या मूळ घरी परतलो.

तिळगूळ द्यायला जो येतो तो आधी मेंढरांची खुशाली विचारतो. वालचंदनगरच्या क्लबात तिळगव्हाणचे नाव 'मेंढीनगर' पडले आहे. युवराजने मात्र निरोप धाडला, की पुढल्या वेळी उपाशीपोटी या. पुढली वेळ कसली?

एकच दिलासा. आप्पासाहेबांचा शाळू अजून उभा आहे. मजूर मिळत नाहीत म्हणे, सगळे ऊसतोडीला. भोवतालच्या पाचजणांचे शाळू निघून रान मोकळे झाले, त्यांना मजूर कुठून मिळाले कोण जाणे. दैव कधीकधी पाषाणहृदयी माणसालाही अडवते.

शुक्रवार, १७ जानेवारी.

आज विजयमालेला उरलेल्या तिळाच्या वड्या करायच्या होत्या, म्हणून तिने जुनी डायरी काढली. पाक कितपत घट्ट, ते मागच्या खेपेला लिहून ठेवले होते. पान सापडेना. पाने उलटत डिसेंबरात पोचली आणि माझी पंधरा तारीख मोठ्याने वाचू लागली. मी म्हणालो, दुसऱ्याची डायरी वाचू नये. ती म्हणाली, वड्या हव्यात ना?

वाचता वाचता थांबली. तेच वाक्य पुन्हा वाचले : "पर ह्या दगडाभवती आमी कदी बसवत न्हाय."

"का बसवत नाहीत हो?"

मी म्हणालो, विचारले नाही. ती उठून माझे बत्तीस फोटो आणले, त्यातल्या सगळ्यात सरळ फोटोवर पोळीच्या लाटण्याशेजारी पातळ कागद ठेवला आणि पेन्सिलीने गेणूचे चौकोन गिरवले. सगळे गिरवून झाल्यावर कागद उचलून मला दाखवला. चौकोनांच्या मधोमध एक जागा कोरी. साधारण चार एकर. वाटोळी. चौकोनांच्या ओळी तिच्यापर्यंत येऊन थांबत होत्या, जसे पाणी बेटाशी थांबते.

हेच मी 'देवप्रांगण' म्हणून छापले होते.

आमच्या गुरुजींनी शिकवले होते की ज्ञानाची साधने अनेक : डोळ्यांनी पाहिलेले, तर्काने काढलेले, आणि जाणत्या माणसाचा शब्द. मी डोळ्यांनी मेंढरे पाहिली, तर्काने नगर काढले. जाणत्या माणसाचा शब्द तेवढा 'हं' म्हणून सोडून दिला. वहीत लिहिला होता, हे त्यातल्या त्यात.

शनिवार, १८ जानेवारी.

सकाळीच सारजाबाईंकडे. दारात उभा राहून आधी चूक कबूल केली. बाईंना त्यात रस नव्हता. शेळी बांधत म्हणाल्या, बसा.

मग विचारले, दगडाभोवती मेंढरे का बसवत नाहीत?

बाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की हा माणूस खरोखर लिहायवाचायला शिकला आहे का. "ती पांढर हाय. गावाची जागा. मानसाच्या घरात कुनी मेंढरं मुतवतं व्हय? आज्यानं बापाला सांगितलं, बापानं मला. कुठवर बसवायची नि कुठं थांबायचं, त्ये आमच्या पायाला ठावं. काठी रोवाय गेलं तरी खाली दगड लागतंय."

आणि ते पायताण? तिथे का काढता?

"तितं येस हाय."

वेस. गावाचा दरवाजा. रिकाम्या रानात, कमरेइतक्या शाळूत, बाई सत्तर वर्षे एका दरवाजाशी थांबून पायताण काढत आल्या आहेत आणि त्यांच्या आधी त्यांचा बाप, त्याचा बाप. मी त्यातून बुटांनिशी गेलो.

बाईंना म्हणालो, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितले. त्या म्हणाल्या, "सांगितलं की. तुमी दगडाशी बोलत हुता."

बुधवार, २२ जानेवारी.

डोझर सुरू झाला. योजनेच्या उत्तरेकडच्या टोकाकडून, एकेक रान घासत येतो आहे. आज आप्पासाहेबांच्या बांधाच्या पलीकडे पोचला. सोळा जणांपैकी दोघे उभे राहून आप्पासाहेबांना म्हणत होते की उभ्या शाळूतूनच घाला, वैरणीला काय तोटा. आप्पासाहेब मान हलवत ऐकत होते.

मी त्यांच्याकडे चार दिवस मागितले. ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असे, "पंत, मेंढरं पुरे झाली. एक दिवस न्हाई देणार." मग ड्रायव्हरला बाजूला नेऊन काही बोलले. घरी निघालो तोच डोझर बंद पडला. ड्रायव्हर म्हणाला, सुटा भाग पुण्याहून येईल, चार दिवस तरी. माझे ग्रह पालटलेले दिसतात. आप्पासाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला असेल, पण त्यांनी पाठ फिरवली होती.

युवराजला फोन लावला. उद्या सकाळी.

गुरुवार, २३ जानेवारी.

उपाशीपोटी. अठराशे फूट.

शाळू आता हुरड्याच्या पलीकडे गेलेला, पाणी संपत आलेले. गेणूचे चौकोन अजून हिरवे. त्यांच्या मधली कोरी जागा आम्ही उगवतीकडून धरली, आणि युवराज इंजिनवरून ओरडला, "सर, ते काय आहे?"

मी दोन मिनिटे कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही. चूक झाली, पण केली.

फिकट पिवळे एक कडे. गावकूस, गावाभोवतीची भिंत. पुरे वाटोळे नाही, ओढ्याच्या बाजूने जरा चेपलेले, आपली गावे असतात तसे. आत पिवळ्या रेघा : भिंती, काटकोन, खोल्या. वाकडी एक गल्ली. कडेला गर्द ठिपक्यांची रांग, नऊ की दहा, वाटोळे. धान्याची पेवे, बुजलेली. आणि कड्याला पूर्वेकडे एक खंड. बाकी सगळी रेघ सलग, तेवढ्याच जागी हिरवे. दगडापासून शंभरेक पावलांवर.

मी युवराजला म्हणालो, ती वेस आहे. तो म्हणाला, कशावरून? म्हणालो, सारजाबाई तिथे पायताण काढतात. त्याने विमान इतके तिरके केले की मला ती वेस डोक्यावर दिसली. पोटात काही नव्हते, तरी काहीतरी भेटलेच.

छत्तीस फोटो. पंखाचा एकही नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी.

स्टुडिओवाल्याला सांगितले, आज इतर कोणाची लग्ने धुवायची नाहीत. त्याने धुतली नाहीत. ओल्या फोटोंना वाळायला दोरीवर टांगले होते; तिथेच विजयमाला उभी राहून एकेक बघत होती. मी म्हणालो, पिवळे आहे ना? ती म्हणाली, आहे. भूगोल हे स्थूल शास्त्र आहे.

फोटो दोन ठिकाणी गेले. एक पाकीट पुण्याच्या कंडक्टरकडे, पण पेपरला नाही. पुरातत्त्व शिकवणाऱ्या डॉ. रोहिणींकडे. त्या विजयमालेच्या मैत्रिणीची धाकटी बहीण निघाल्या, हे मला आजच कळले. विजयमालेने पत्र मागेच लिहून ठेवले होते, फक्त फोटो चिकटवायचे बाकी. दुसरा संच घेऊन मी आप्पासाहेबांच्या ओसरीत. पहिला रोहिणीबाईंकडे गेल्याचे सांगितले.

त्यांनी फोटो मांडीवर ठेवला.  बोट पिवळ्या कड्यावरून फिरवत पूर्वेच्या खंडाशी आणले आणि तिथेच थांबवले. मी वेशीचे काही सांगायच्या आत.

"हा कागद झाला," ते म्हणाले. "आता पुण्याच्या बाई येऊन सही-शिक्क्यानं सांगू द्या. मग सोळा जणांपुढं मी बोलतो."

अजूनही अटी. वर फोटोही परत दिला नाही. विसरले असावेत.

गुरुवार, ३० जानेवारी.

डॉ. रोहिणी आल्या. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, डोक्याला रुमाल. आप्पासाहेबांच्या लेखी संमतीने दोन लहान खड्डे. मजूर मिळेनात म्हणणाऱ्या आप्पासाहेबांनी आज सकाळी सात वाजता आठ माणसे आणि चहाची किटली धाडली.

पहिला खड्डा गर्द ठिपक्यावर : चार फुटांवर दगडी कड्याचे पेव, तळाशी जळक्या ज्वारीचे दाणे. दुसरा खंडाच्या बाजूला : तीन फूट रुंद भिंत, मातीत बसवलेले ओबडधोबड दगड, आणि तिचे नीट घडलेले टोक. नऊ फूट सोडून पलीकडे दुसरे टोक. मध्ये एक लांब दगड, त्यावर दाराचा खुंट फिरून फिरून झालेली खोबण.

रोहिणीबाईंनी वहीत काहीतरी लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. मग म्हणाल्या, "आमच्याकडे तीस वर्षांत असं कोणी दरवाजा आधी आणि गाव मागून दिलं नव्हतं."

सारजाबाई खड्ड्याशेजारी बसून होत्या. उंबऱ्याचा दगड पाहिल्यावर त्यांना आनंद होईल, रडू येईल, असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, "पुसून घ्या की त्यो. किती माती बसलीया."

रविवार, २ फेब्रुवारी.

शाळू निघाला. चार एकरांभोवती आप्पासाहेबांनी चुन्याची रेघ ओढून घेतली. सोळाजण, त्यांची पोरे, गेणू त्याच्या फोटोसह, युवराज, मी, विजयमाला. डोझर बांधावर उभा. सुटा भाग मिळालेला दिसतो, इंजिन पहिल्याच फटक्याला लागले.

आप्पासाहेब बोलले ते थोडके. नळ चुन्याच्या रेघेबाहेरून जाईल, पंधरा वाव, म्हणजे नव्वदेक फूट, जास्त लागेल, तो फेर माझ्या रानातून. चार एकरांना नांगर नाही, डोझर नाही. दोघे कुरकुरले. एकजण म्हणाला, म्हातारीच्या नादी लागून चार एकर ऊस घालवला. आप्पासाहेबांनी फोटो वर धरला. "म्हातारीच्या नाही. हे विमानातनं दिसलंय. हा पुण्याच्या बाईंचा कागद. काय म्हणणं हाय?" विमानापुढे कोणाचे काही म्हणणे नव्हते.

डोझर वळला. धूर सोडत, बांध उतरून, आला तसा गेला. गेणूने त्याच्यामागे टोपी उडवली, पोरे ओरडली, युवराजने शिट्टी घातली. मीही काहीतरी ओरडलो; संस्कृत नव्हते.

सारजाबाई नारळ घेऊन निघाल्या. उंबऱ्याच्या दगडाशी थांबल्या, पायताण काढले, आत गेल्या. मी बूट काढले, मोजे काढले. धसकटे भयंकर. गेलो. मागे वळून बाईंनी पाहिले, आणि एवढेच म्हणाल्या, "आता आला गावात."

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. बूट काढताना पाहिले, तर उंबऱ्याशी आप्पासाहेबांच्या कोल्हापुरी वहाणा नीट जोडून ठेवलेल्या होत्या. बाईंचे पाहून काढल्या म्हणावे, तर बाई त्यांच्या मागून आत गेल्या. रोहिणीबाई सांगत होत्या, खड्डे घ्यायच्या आधी, शाळू उभा असतानाही त्यांनी त्याच जागी चपला काढल्या होत्या. विचारायचे राहून गेले.

बातमी पाठवली. या वेळी चारच ओळी लिहिल्या. संपादकांचा फोन आला, पहिल्या पानासाठी चाळीस हव्यात, आणि 'देवप्रांगण' नको.

विजयमाला सुईने माझ्या तळपायातले धसकट काढते आहे. तिला वहाणांचे सांगितले, अर्जाला लागलेल्या त्या फोनचे, ग्रह पालटून बंद पडलेल्या डोझरचेही पुन्हा सांगितले, आणि म्हणालो, पाषाणहृदयी माणूस शेवटी एका फोटोने पाघळला, छायाचित्रणाची ताकद बघ. ती इतकी हसली की सुई हातातून पडली. यात हसण्यासारखे काय, ते सांगत नाही. पाय हलवू नका म्हणते.